पाऊस खाल्लेले चिरे

रत्नागिरीच्या कॉलेजात माझी बदली झाली आणि मी भाड्याची खोली शोधत एका घराच्या अंगणात जाऊन उभा राहिलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. "तुमच्याकडं दगड कुठला?" एवढंच विचारलं. मी साताऱ्याकडचा. म्हटलं, काळा. त्यांनी माझ्याकडे दूरच्या नात्यातल्या वाया गेलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "त्याला बिचाऱ्याला काय शिकायला मिळत नाय. जन्मताच कठीण." मग आत जाऊन किल्ली घेऊन आले.

मी त्यांना काका म्हणायचो. कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि शहराबाहेर, सड्याच्या उघड्या कातळमाळाला लागून घेतलेल्या जागेत घर बांधत होते. 'बांधत होते' हे मी सांभाळून लिहितोय. मी गेलो तेव्हा ते बांधत होते, मी राहिलो ती सगळी वर्षं बांधत होते. लोकांची घरं एका उन्हाळ्यात उभी राहतात. काकांचं घर आंब्याच्या कलमाच्या गतीने वाढत होतं, आणि कलमाला निदान मध्येच फळ तरी धरतं.

खोली छान होती. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, भर मे महिन्यातही आत गारवा. फक्त पलंगाच्या उशाशी भिंतीत एक चौकोनी भोक होतं, बरोबर एका चिऱ्याएवढं, आणि त्यात गोणपाट कोंबलेलं होतं. मी ते दाखवल्यावर काका दुखावले. म्हणाले, ते भोक नाही, राखीव जागा आहे. तिथला चिरा बसवून झाला होता, पण नंतर वाजवून बघताना तो कच्चा निघाला, म्हणून काढून परत ढिगावर पाठवलाय. योग्य उमेदवार मिळाला की जागा भरली जाईल. कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नव्हती.

आता कोकणाबाहेरच्या वाचकाला हे जरा उलगडून सांगायला हवं. जांभा जमिनीतून काढला की सुरुवातीला इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो. त्याचे चौकोनी ठोकळे काढतात, ते चिरे. उघड्यावर वारा-पाणी लागलं की तो हळूहळू कठीण होत जातो. म्हणून जाणती माणसं चिरा काढल्यावर थोडे दिवस तसाच ठेवतात आणि मग भिंतीत घालतात. यात नवल काही नाही. पण काकांनी या साध्या गोष्टीचा धर्म करून ठेवला होता. एक अख्खा पावसाळा उघड्यावर काढल्याशिवाय कुठलाही चिरा त्यांच्या भिंतीत बसायचा नाही. त्यांच्या भाषेत, चिऱ्याने पाऊस खायला हवा. आणि खाल्ला की नाही हे काका हातोडीच्या दांड्याने वाजवून ठरवायचे. टण् वाजला तर पास, भद् वाजला तर पुन्हा त्याच वर्गात. कुणी घाई केली की म्हणायचे, "दगडाला घाई करू नये." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला माझ्याच तोंडून निघालं. पोरं बेडकाकडे बघत राहिली.

बरं, चिरे बाजारातून आणायचे तर तेही नाही. स्वतःच्याच आवारात विहीर खणायला घेतली होती आणि तिच्यातून निघेल तोच दगड घराला. विहीर खाली वाढत होती, घर वर वाढत होतं. पुढे विहिरीला पाणी लागलं आणि ती बिचारी आपलं काम उरकून मोकळी झाली. बाजूला काढून ठेवलेल्या चिऱ्यांच्या राशी मात्र पास-नापास होत आवारात पडून राहिल्या. काकू त्यांना वऱ्हाड म्हणायच्या. "हे वऱ्हाड कधी आत यायचं?" असं त्या अधूनमधून विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायच्या.

वाजवून बघण्याची सवय काकांना अशी जडली होती की समोर येईल ते ते वाजवायचे. कलिंगड, नारळ, ताटवाटी तर झालीच, पण कुणाच्या दारावर गेले तर बेल न वाजवता आधी दाराची फळी वाजवून लाकूड जोखायचे. शेजारच्यांनी नवं घर बांधलं, बाहेरून-आतून गिलावा करून पिस्ता रंग दिला आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. काका हात जोडून आत गेले, प्रसाद घेतला, आणि मग भिंतीवर बोटाने टकटक करून, तोंड भिंतीजवळ नेऊन विचारलं, "आत कोन हाय?" काका म्हणाले, तोंडाला एवढी पावडर लावल्यावर माणसाची ओळख पटत नाही, म्हणून विचारलं. त्या घरातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

एकदा खोकला झाला म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठेवून वाजवून बघायला सुरुवात केली, तसे काका खुलले. मान वळवून म्हणाले, "काय म्हनतोय? वाजतोय का?" डॉक्टर म्हणाले, थोडा कफ आहे. काका गंभीर झाले. घरी येताना म्हणाले, माणूस हुशार आहे, पण पाठीचा दगड नेहमीच जरा मऊ असतो, छाती वाजवायला हवी होती. औषध त्यांनी घेतलं, पण डॉक्टरांच्या हाताला ते पुरते मार्क देत नव्हते.

सिमेंटशी त्यांचं उभं वैर. चिरे मातीत बसवायचे आणि बाहेरून सांध्यांच्या दरजा नुसत्या चुन्याने भरायच्या. सिमेंट म्हणजे दगडाला जन्मठेप, मातीत बसवलेला दगड पाहुण्यासारखा राहतो, उद्या उठायचं म्हटलं तर उठतो, असं त्यांचं म्हणणं. दगडाला उठून जायचंय कुठे, असा प्रश्न मला पडायचा. पण मी भाडेकरू होतो, आणि माझी भिंत त्यांच्या हातात होती.

त्या घरातली सर्वांत देखणी जागा म्हणजे काकांची स्वतःची खोली. घराच्या पुढच्या अंगाला, अंगणाकडे तोंड करून. सगळ्यात आधी तिचीच दुहेरी जाडीची भिंत झाली होती आणि पहिल्या खोदाईतले निवडक चिरे तिला लागले होते. सांध्यावर सांधा कुठे नाही, रेघ वाकडी नाही. पावसाळे खाऊन दगड असा मुरलेला की संध्याकाळचं ऊन पडलं म्हणजे ती भिंत चुलीतल्या निखाऱ्यासारखी दिसायची. आल्यागेल्याला काका तिच्यासमोर खुर्ची देऊन बसवायचे. अंघोळ झाली की देवाला नमस्कार करायच्या आधी त्यांचा तळवा त्या भिंतीवरून फिरायचा. काकांचा खोकला पहाटेपासून सुरू व्हायचा म्हणून काकू माजघरात झोपायच्या. खोलीत काका आणि भिंत, दोघंच.

आणि घरातली सर्वांत वाईट जागा म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर. म्हणजे ते नव्हतंच. माझ्या खोलीच्या मागे चार खांबांवर पत्रे टाकलेले, ओट्याची फरशी बसलेली, आणि भिंतीच्या नावाने एक माझ्या खोलीची पाठ. बाकीच्या तिन्ही बाजूंना हिरवी जाळी. वारा फिरला की काकूंची शेगडी फिरायची. आषाढात त्या एका हाताने ढवळायच्या आणि दुसऱ्या हाताने भांड्यावर ताट आडवं धरायच्या. अशा जागेत त्या कुळथाची पिठी आणि सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा रस्सा असा करायच्या की मी माझ्या सुट्टीत गावी जायचे दिवस कमी करत गेलो. माझ्या खोलीतलं भोक तिकडेच उघडायचं. गोणपाट बाजूला सरायचं, वाटी धरलेला हात आत यायचा, आणि "सर, गरम हाय" एवढंच ऐकू यायचं. त्या भोकाबद्दल मी पुन्हा तक्रार केली नाही.

स्वयंपाकघर शेवटी का, याचं काकांकडे कारण होतं आणि ते त्यांच्या मते प्रेमाचं होतं. तिथली भिंत सगळ्यात पक्की हवी. वाफ, धूर, पाणी आणि हिचा राग, सगळं तिला सोसायचंय. म्हणून दर वर्षी निघालेले चांगले चिरे ते 'स्वयंपाकघरासाठी' म्हणून वेगळे काढायचे आणि दर दसऱ्याला वाजवून त्यातले बरेचसे नापास करायचे. प्रेम जितकं जास्त, तितकी परीक्षा कडक. काकूंना हे प्रेम पोचत नव्हतं. त्यांना जाळीतून पाणी पोचत होतं.

शेवटी एका उन्हाळ्यात काकांनी विहिरीच्या अखेरच्या खोदाईतली, तीन भिंतींना पुरेल एवढी रास मागच्या बाजूला रचली आणि जाहीर केलं की हा पावसाळा शेवटचा, दसऱ्याला गवंडी. काकूंनी विश्वास ठेवला नाही असं दाखवलं, पण बाजारातून येताना भिंतीला लावायच्या खुंट्या घेऊन आल्या. पितळी, नक्षीच्या. माझ्या खोलीत ठेवायला दिल्या, इकडे मोडतील म्हणून.

तो पावसाळा झाला. दसरा आला. काका नवा शर्ट घालून, हातोडी घेऊन राशीकडे गेले, मागे मी, मागे गवंडी. राशीवर काकूंनी सरपण रचलं होतं आणि वरून थेट जमिनीपर्यंत ताडपत्री सोडून चहूबाजूंनी दगड ठेवले होते. पाऊसभर आम्ही सगळे ती ताडपत्री बघत होतो. काकांनी स्वतः दोनदा तिचं कौतुक केलं होतं की हिची लाकडं बघा, श्रावणातसुद्धा कशी खडखडीत. ताडपत्रीखाली लाकडं आहेत एवढंच आमच्या डोक्यात होतं. लाकडांखाली काय आहे हे कुणी बघितलं नाही.

गवंड्याने ताडपत्री काढली, लाकडं उतरवली. खाली चिरे जसे मे महिन्यात रचले तसेच होते. कोरडे, ताजे, लालभडक, वर खोदाईची भुकटी तशीच. इतर राशींतल्या नापास चिऱ्यांनाही काळपट मुरलेला रंग आला होता, यांना थेंबसुद्धा लागला नव्हता. काकांनी एक वाजवला. भद्. दुसरा वाजवला. मग हातोडी खाली ठेवून ते तिथेच बसले आणि अगदी हळू म्हणाले, "उपाशी ठेवलंस गो सगळ्यांना."

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. वाळवी लागू नये म्हणून लाकडं दगडावर ठेवली, भिजू नयेत म्हणून झाकली, कुणीही शहाण्या बाईने केलं असतं तेच त्यांनी केलं होतं. त्यांनी विचारलं, मग आता? काका म्हणाले, आता पुढचा दसरा. मी मध्ये पडून म्हणालो की काका, एखाद्या वर्षाने काय होतंय, घालून टाका. गवंड्याने मला डोळ्याने गप्प केलं. तो बरीच वर्षं तिथे काम करत होता.

काकू भांडल्या नाहीत. दुपारी त्यांनी मला भोकातून जेवण दिलं, ओटा धुतला, आणि पिशवी भरून संगमेश्वरला बहिणीकडे जायला निघाल्या. काका फाटकापर्यंत गेले. काकू त्यांना म्हणाल्या, "भिंत झाली की फोन करा. दगड कसा हाय ते सांगायला करू नका."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझ्या पोटात दुखतं, आणि हे मी शब्दशः सांगतोय. स्वयंपाक काकांनी हाती घेतला. पहिल्या दिवशी भात कच्चा राहिला. मी तसं म्हणालो तर म्हणाले, ठेवा जरा उघड्यावर, होईल. बांगडा तळला तो बाहेरून कोळसा आणि आतून खाडीत. पिठीच्या गुठळ्या मी चमच्याने वाजवून दाखवल्या, तेव्हा मात्र त्यांना हसू आलं नाही. जेवताना त्यांची नजर भोकाकडे जायची. गोणपाट हललं की दोघंही वर बघायचो, आणि मांजर आत यायचं.

मी त्यांना स्कूटरवर बसवून सड्यावरच्या एका चिरेखाणीत घेऊन गेलो. तिथे यंत्राने कापलेले चिरे दोन-दोन पावसाळे पडून होते. काकांनी चांगले निवडून वाजवले. टण्, टण्. माझा जीव भांड्यात पडला. खाणवाला माणूस गाडी कधी पाठवू म्हणून विचारायला लागला. काका उठले, त्याला नमस्कार केला आणि मला म्हणाले, दगड चांगला आहे, खोट नाही काढत, पण ओळख नाही. वर्षानुवर्षं बाई ज्या भिंतीची वाट बघते ती अनोळखी कशी असेल? मला तेव्हा त्यांचा खूप राग आला. परत येताना मी मुद्दाम खड्ड्यांतून स्कूटर घातली.

फोन त्यांनी एकदाच केला, माझ्यासमोर. "ये गो," म्हणाले. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. काका म्हणाले, "नाय." तिकडून फोन ठेवला गेला. मग काकांनी मोबाइल नखाने वाजवून बघितला आणि खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी पहारीच्या आवाजाने मला जाग आली. अंगणात जाऊन बघतो तर काका आणि गवंडी, काकांच्या खोलीची भिंत उतरवत होते. तीच, निखाऱ्यासारखी. छप्पर लाकडी खांबांवर होतं, त्यामुळे खोली पडत नव्हती, नुसती उघडी होत चालली होती. वरची ओळ गेली होती. काका दरजेतला चुना खरवडून एकेक चिरा हलकेच मोकळा करत होते आणि गवंडी तो उचलून मागे नेत होता. त्याचं तोंड सुतकात असल्यासारखं होतं, कारण ती भिंत त्यानेच बांधली होती.

काकाच म्हणाले, "मातीत बसवली ते बरं झालं. शिमिट असतं तर फुटले असते सगळे." मी म्हणालो, अहो काका, पण ही तुमची भिंत. येत्या पावसाळ्यात तुम्ही झोपणार कुठे? त्यांनी हातातला चिरा गुडघ्यावर टेकवला, त्याच्यावरची माती तळव्याने पुसली.

"चिऱ्यानीच काय म्हनून पाऊस खायचा? एक मी पन खातो."

इतकी वर्षं मी या माणसाला विक्षिप्त म्हणून हसत होतो. त्या सकाळी हसू आलं नाही. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चिरे वाहायला लागलो. पहिलाच पायावर पडता पडता वाचला, तेव्हा काका ओरडले ते माझ्या पायासाठी नव्हे.

स्वयंपाकघर थंडीत पुरं झालं. काकांनी फोन केला आणि सांगितल्याप्रमाणे दगडाबद्दल चकार शब्द काढला नाही. काकू दुसऱ्या दिवशीच्या एसटीने आल्या. पिशवी न ठेवताच मागे गेल्या, तिन्ही भिंती बघितल्या, आणि मग बोटाच्या पेराने एक चिरा वाजवला. ऐकला. माझ्याकडून खुंट्या मागून घेतल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग काकांची शाल कुठे आहे म्हणून त्या पुढच्या खोलीकडे गेल्या.

तिथे भिंत नव्हती. स्वयंपाकघरातून काढलेली हिरवी जाळी खांबांना बांधली होती, खाटेवर ताडपत्री होती. तीच, लाकडांवरची. काकूंनी डोळ्यांना पदर लावला असेल, मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. परत आल्या तेव्हा आवाज नेहमीचा होता. "या वयात तुमी चिरा व्हायला निघालात? खोकून मराल. सर, खाट आत आना ह्यांची." आत म्हणजे कुठे, असं मी विचारलं. माजघरात खोकला चालणार नव्हता. काकूंनी स्वयंपाकघरातला ओट्यासमोरचा कोपरा दाखवला. भिंत होईपर्यंत, म्हणाल्या.

तर काकांनी तो पावसाळा खाल्ला नाही. स्वयंपाकघरात झोपून फोडण्या खाल्ल्या. भोकाच्या पलीकडे पहाटे खोकला सुरू व्हायचा, मग काडी पेटायची, मग चहाचं आधण, मग दोघांचं बोलणं. आधी मला वाटलं भांडताहेत, कारण इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काका लसूण सोलायला शिकले. एक एक पाकळी ओट्यावर वाजवून घ्यायचे, असं काकू सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या. राखीव जागेसाठी गवंड्याने एक चिरा आणला होता, तर काकूंनीच त्याला परत पाठवलं. मग सरांना पिठी कुठून द्यायची, म्हणाल्या. बाहेर त्या उपाशी राशीवर मात्र पाऊस धो धो पडत होता; काकांच्या खोलीची भिंत आता तिच्यातूनच उठायची होती. काका दारात उभं राहून रोज बघायचे.

दसरा आला. काका तोच शर्ट घालून हातोडी घेऊन निघाले. मागे मी आणि गवंडी. स्वयंपाकघराच्या दारात काकू, हातात पळी. रास काळपट मुरली होती, कडांना शेवाळ धरलं होतं. काकांनी एक चिरा वाजवला. टण्. एवढी वर्षं त्या घरात काढल्यावर मला तेवढं कळत होतं. दुसरा वाजवला, तोही खणखणीत. तिसरा तर देवळातल्या घंटेसारखा. गवंड्याने ओळंबा बाहेर काढला.

काका थांबले. त्यांनी दाराकडे बघितलं, त्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या खाटेकडे बघितलं. मग कान चिऱ्याला लावून पुन्हा वाजवला आणि मान हलवली. म्हणाले, जरा कच्चा वाटतोय. गवंड्याचा ओळंबा हातातच लोंबत राहिला. दगडाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोललेला त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"सर, तुमी बघा वाजवून," काका म्हणाले. हातोडी माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे, माझ्या पेपरात कॉपी करताना सापडलेली मुलं बघतात तसं बघितलं. मी वाजवला. आवाज पार फाटकापर्यंत गेला. मी म्हणालो, "कच्चाच आहे."

दारात उभ्या असलेल्या काकूंनीही तो आवाज ऐकला होता. त्यांनी एकदा राशीकडे, एकदा काकांकडे बघितलं. मग आत वळत, पळी पातेल्यात बुडवत म्हणाल्या,

"असू दे मग. दगडाला घाई करू नये."